भिंतीवरचा मॅलकी

आईच्या महिन्याच्या मिस्सेनंतरच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतरच्या, जेवणाला टोनरांच्या घरात रडायला कुणाला सवडच मिळाली नाही. कारण हेझल ट्रायफल पुडिंगचं भांडं घेऊन आत आली, कोट न काढताच बसली आणि म्हणाली, "लग्न येत्या शनिवारी. दाढी आज."

डिम्प्नाच्या हातात उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं होतं. ते तिने टेबलावर ठेवलं, म्हणजे आपटलंच. तिचा थोरला भाऊ डर्मट काटा तोंडापाशी नेऊन थांबला. आणि ज्याच्या दाढीचा विषय निघाला होता तो मॅलकी, वय साठ, छातीपर्यंत रुळणारी पांढरी दाढी, ताटातल्या वाटाण्यांकडे असा बघत राहिला की जणू त्यांची शिरगणती सरकारने त्याच्यावर सोपवली आहे.

"आज रविवार आहे," डर्मट म्हणाला.

"मग? आमच्याकडे माझ्या लहानपणी रविवारी खेळणं पाप म्हणून बागेतले झोकेसुद्धा साखळीने बांधून ठेवायचे. तरी मी वस्तरा आणलाय. तुमचा देव तर आमच्यापेक्षा सैल आहे म्हणतात."

"बाई, प्रश्न देवाचा नाही. दाढीखाली काय आहे त्याचा आहे."

"हनुवटी आहे. मी हात लावून बघितलंय."

डिम्प्नाला हसू फुटलं. ते तिने रुमालात दाबलं. आईला जाऊन महिना झालेला, आणि आईच्याच टेबलक्लॉथवर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्या वेगळ्या करणाऱ्या शांतता-भिंतीच्या पलीकडची एक बाई, प्रोटेस्टंट शँकिल वस्तीची, विधवा, मॅलकीची होणारी बायको, हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मॅलकीच्या शेजारच्या यंत्रावर चादरी घड्या घालणारी, टोनरांच्या घरातल्या सगळ्यात जुन्या गोष्टीला हात घालत होती. डिम्प्नाला तिचा रागही आला आणि थोडा हेवाही वाटला. एवढं सरळ बोलायला या घरात कुणाला कधी जमलं होतं?

दाढीखाली हनुवटी होतीच. पण ती हनुवटी, ते नाक आणि ते कपाळ तीसहून जास्त वर्षं याच घराच्या बाहेरच्या भिंतीवर होतं. पंचवीस फूट उंच. वर काळी तिरकी टोपी, मागे उगवता सूर्य, खाली ठळक अक्षरांत नाव: ओवेन टोनर.

ओवेन म्हणजे मधला भाऊ. सत्तावीस वर्षांचा असताना नाक्यावर सैनिकांच्या गोळीने गेला आणि गल्लीने त्याला शहीद मानलं. त्याच्या नावाची भिंत रंगली तेव्हा सबंध गल्ली लोटली होती, बॅगपाइपांचा बँड होता, फादर होते. आईने दोरी ओढली, कापड खाली आलं, आणि भिंतीवर ओवेन नव्हताच. मॅलकी होता. तो जिताजागता मॅलकी, जो त्या क्षणी आईचं कोपर धरून तिच्या शेजारी उभा होता आणि ज्याने आयुष्यात मटार सोलण्यापलीकडे कुणाला इजा केलेली नव्हती.

दोघं भाऊ वर्षाच्या अंतराने जन्मलेले, चणीने सारखे, लांबून बघणाऱ्याला एकच. घरच्यांना मात्र अंधारातही फरक कळायचा. आईने भिंतीकडे बघितलं. मॅलकीकडे बघितलं. बँडवाल्यांनी गाल फुगवून धरले होते. मग ती मोठ्याने म्हणाली, "माझा लेक."

खोटं नव्हतंच ते.

त्याच संध्याकाळी तिने मॅलकीला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, उद्यापासून दाढी करायची नाही. आणि मॅलकीने केली नाही. दर ईस्टरला शहिदांच्या स्मरणसभेत स्वतःच्याच चेहऱ्याखाली गारठत उभं राहायचं आणि स्वतःच्याच आत्म्याला शांती मागायची. काळ्या टॅक्सीतून पाहुणे यायचे, त्यांना भिंतीसमोर उभं करून फोटो काढून द्यायचे. पोस्टकार्डांवर तोच, चहाच्या कपांवर तोच, आणि समोरच्या मिसेस गॉर्मलीच्या फ्रिजवर लोहचुंबकाने चिकटलेलाही तोच.

या शहराची रीतच ती. जिवंत माणसाला दोन खोल्या आणि भिंतीला ओल. मेलेल्याला पंचवीस फूट आणि रात्री दिवे. मेलेल्याची किंमत जिवंतांनी ठरवायची आणि जिवंतांना किंमतच नाही. शांतता-भिंतीच्या अलीकडेही तेच, पलीकडेही तेच, फक्त रंग वेगळे. डिम्प्ना हे तीस वर्षं मनात बोलत आली होती, कारण ती त्या चित्राच्या भिंतीच्या आतल्या बाजूला झोपायची आणि उशीला बुरशीचा वास यायचा.

त्या ओलीनेच शेवटी काम केलं. हिवाळ्यात गिलावा फुगला आणि ओवेनची, म्हणजे मॅलकीची, हनुवटी ढलपा होऊन रस्त्यावर पडली. आता भिंत खरवडून, नवा गिलावा करून तिला पांढरा हात मारला होता. परांची उभी होती. चित्रकार फ्रा कॉस्ग्रोव्ह उद्या सकाळी कामाला लागणार होता.

"समितीचा ठराव झालाय," डर्मट म्हणाला. गल्लीच्या स्मारक समितीचा अध्यक्ष तोच. "जसं होतं तसं. लोकांना सवय झालीय."

"लोकांना झालीय," मॅलकी पहिल्यांदाच बोलला. "मला नाही झाली."

"तुला काय त्रास झाला रे? चार केस वाढवले फक्त."

"चार?" मॅलकीने दाढी मुठीत धरून वर केली. "हिच्यात सूप अडकतं, डर्मट. धुलाईच्या यंत्रात एकदा अडकली होती. मॅनेजरने कात्रीने सोडवली."

"मी सोडवली," हेझल म्हणाली. "तेव्हाच तर ओळख झाली."

"हे बघा बाई." डर्मट खुर्ची सरकवून तिच्याकडे वळला, भाषणाला वळतो तसा. "तुम्ही पलीकडच्या. तुम्हाला नाही कळायचं. त्या भिंतीला लोक मानतात. उद्या हा दाढी काढून बाहेर पडला आणि कुणी म्हणालं, अरे, हाच तर तो, मग? सगळी गल्ली हसेल. पलीकडचेही हसतील. आमचा शहीद धुलाईखान्यात चादरी धुतोय म्हणतील!"

"पलीकडचे नाही हसणार," हेझल शांतपणे म्हणाली. "आमच्या गल्लीतल्या भिंतीवर घोड्यावरचा राजा आहे ना, त्याचा चेहरा माझ्या काकाचा. चित्रकाराला कुणीतरी बसायला हवं होतं आणि काका रिकामाच होता, घोड्याच्या शर्यतीत सगळं घालवून बसलेला. दर जुलैच्या मिरवणुकीत सगळी गल्ली काकाला सलाम ठोकते. काकू सोडून. काकू घराची मागची वाट धरते."

मॅलकी हसला. डिम्प्नाही हसली. डर्मटने मदतीसाठी बहिणीकडे बघितलं.

"डिम्प्ना, तू सांग. आईला काय वाटलं असतं?"

हे त्याचं हुकमाचं पान. आणि खरं सांगायचं तर डिम्प्ना इथपर्यंत त्याच्याच बाजूला होती. गल्लीसमोर उभं राहून इतक्या वर्षांची फसवणूक कबूल करायची तिची छाती नव्हती. "डर्मटचंही बरोबर आहे, मॅलकी," ती चाचरत म्हणाली. "दाढी थोडी कमी केली तर? कानांपर्यंत?"

"वा गं बहीण," मॅलकी म्हणाला. "कान तेवढे माझे परत."

"लग्नात माझ्या शेजारी कोण उभं आहे ते मला दिसलं पाहिजे," हेझल म्हणाली. "नाहीतर मी शनिवारी येत नाही. आधीचा नवरा वर्तमानपत्रामागे बसायचा. वीस वर्षं. आता झुडपामागचा नको."

ती हे हसत बोलली, पण मॅलकीचा चेहरा, जेवढा दिसत होता तेवढा, पांढरा पडला. तिचं हसणं आणि तिचा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला माहीत होतं.

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली आणि फ्रा आत आला. पन्नाशी उलटलेला, पँटवर बारा भिंतींचे बारा रंग. तेव्हा पोरगा होता, आता परदेशांतून बोलावणी येतात. या घरात मात्र त्याला कायम थोडा गार चहा मिळायचा. कारण उघड होतं. त्यानेच घोटाळा केला, हे सगळ्यांना ठाऊक. डर्मटने तेव्हाच सांगितलं होतं: पोराला फोटोतला माणूस ओळखता आला नाही, गाढव आहे, पण बिचाऱ्याला बोलू नका, फुकट काम केलंय त्याने.

"मंडळी, उद्या चौकोन आखायला घेतो," फ्रा म्हणाला. "जुनाच फोटो वापरायचा ना? हा जपून ठेवलाय." त्याने बिस्किटाच्या डब्यातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला.

डर्मटच्या लग्नातला. मॅलकी एकटा, तरणाबांड, गुळगुळीत, कोटाच्या काजात पांढरं फूल. वर पेन्सिलीने बारीक चौकोन आखलेले. एकेक चौकोन भिंतीवर मोठा करायचा, अशी त्यांची पद्धत.

"तुला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही का रे," डिम्प्नाच्या तोंडून निघून गेलं, "की तू भलत्यालाच काढलंस?"

"डिम्प्ना!" डर्मट ओरडला.

फ्राने फोटोकडे बघितलं, मग दाढीवाल्या मॅलकीकडे. मग परत फोटोकडे, आणि आता चित्रकाराच्या नजरेने, डोळे बारीक करून. हळूहळू त्याचं तोंड उघडं पडलं.

"येशू, मेरी आणि जोसेफ," तो म्हणाला. "हा तू आहेस?"

"होतो," मॅलकी म्हणाला.

"पण मला तर... अरे, मी ओवेनला आयुष्यात एकदाही भेटलो नव्हतो! फोटोत दोघं होते. मी विचारलं, यातला कोणता? डर्मट, तुम्हीच म्हणालात, ज्याच्या काजात फूल आहे तो."

टेबलावर ग्रेव्हीवर साय धरत होती.

डिम्प्नाला ते लग्न लख्ख आठवलं. करवला ओवेन होता. फूल ओवेनचं. पण फोटोवाल्याने हाका मारायला सुरुवात केली तेव्हा तो कोट सांभाळत सिगरेट ओढायला मागे पळत होता, आणि पळता पळता त्याने फूल मॅलकीच्या काजात खोचलं, "तू उभा राहा रे माझ्या जागी" म्हणत. आईने त्याला कॉलरला धरून परत आणलं होतं.

"फूल करवल्याचं," डिम्प्ना सावकाश म्हणाली. "आईने तुला सांगितलं असणार, फूलवाला ओवेन. आणि तू तसंच नेऊन सांगितलंस. फोटोकडे न बघता?"

डर्मटने ताट मागे सारलं.

"डर्मट, तुझा भाऊ होता तो! तू बघितलंसुद्धा नाहीस? आणि या माणसाला तू इतकी वर्षं गाढव ठरवलंस? मी याला गार चहा दिला रे!"

"म्हणून गार असायचा होय?" फ्रा म्हणाला.

"मला बघवत नव्हतं," डर्मट म्हणाला. भाषणाचा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. "पाकिटातून काढलाच नाही मी फोटो. पाकीटच दिलं. मागून सांगितलं फूलवाला म्हणून. झालं?"

हेझलने उठून त्याच्यापुढे ट्रायफलची वाटी ठेवली आणि वर दुप्पट क्रीम घातलं. शँकिलची बाई, पण माणूस कधी मोडतो ते तिला कळत होतं.

"दुसरा अर्धा कुठे आहे?" डिम्प्नाने विचारलं.

"कसला?"

"फोटोचा! दोघं होते म्हणालास ना?"

फ्राने डब्यात बोटं घातली, पेन्सिलींचे तुकडे बाजूला सारले आणि तळातून कात्रीने कापलेला दुसरा अर्धा काढला. इतकी वर्षं फेकला नव्हता. चित्रकार लोक काही फेकत नाहीत.

ओवेन. सिगरेटच्या वाटेवरून ओढून आणलेला, वैतागून आणि मग स्वतःच्याच वैतागावर हसत. डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, पुढचा दात तुटका आणि कान असे बाहेर आलेले की वारा सुटला तर माणूस उडून जावा. ओवेनचा डोळे उघडे असलेला फोटो या घरात एकही नव्हता. फोटोवाल्याने तीन म्हणेपर्यंत त्याला कधी दम निघालाच नाही.

डिम्प्नाने फोटो उचलला. रोज सकाळी दूध घ्यायला बाहेर पडताना ती भिंतीकडे बघून मान हलवायची, आणि ते मान हलवणं मॅलकीला असायचं, जो वर माळ्यावर घोरत पडलेला. ओवेनला तिने इतक्या वर्षांत एकदाही मान हलवली नव्हती.

"हा," ती म्हणाली. "भिंतीवर हा."

"डोळे मिटलेला शहीद?" डर्मट कळवळला. "दात तुटका? समिती नाही ऐकायची."

"भिंत कुणाची?"

"भिंत समाजाची."

"घर माझं. ओल माझी. बुरशी माझी. घरमालकिणीच्या होकाराशिवाय या शहरात कुणी भिंतीला ब्रश लावत नाही. अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. हो ना गं?"

"पलीकडेही नाही," हेझलने साक्ष दिली. "काकूने घोड्याची शेपूट दोनदा पुसायला लावली."

"तर हा. डोळे मिटलेला, हसणारा. टोपी नाही, सूर्य नाही. आणि समितीला नको असेल तर मी उद्या पिवळा रंग आणून मोठा बटाटा काढीन. आणि खाली लिहीन: समितीचे अध्यक्ष."

मॅलकीने दाढीतून असा काही आवाज काढला की वाटाणा नाकात गेला असावा. मग तो उठला, बाही दुमडली आणि हेझलला म्हणाला, "चल. पाणी तापव."

दाढी स्वयंपाकघरात, आईच्या खुर्चीवर बसूनच झाली. हेझलने आधी कात्री चालवली, मग फेस, मग वस्तरा. डिम्प्ना टॉवेल धरून उभी. फ्रा भांड्यातले केस बघून म्हणाला, याचे ब्रश होतील. डर्मट दारात उभा, आत येईना आणि जाईनाही.

शेवटी हेझलने ओल्या फडक्याने तोंड पुसलं आणि मागे सरली. भिंतीवरचा वीर आता खुर्चीत अवतरणार होता.

खुर्चीत एक म्हातारा बसला होता. लोंबलेले गाल, दुहेरी हनुवटी, उन्हाचा स्पर्श नसल्याने अर्धा चेहरा पावासारखा पांढरा.

"कसा दिसतोय?" मॅलकीने विचारलं.

"आईसारखा," डिम्प्ना म्हणाली. आणि तेव्हा कुठे, त्या दिवशी पहिल्यांदा, तिला रडू आलं.

हेझलने हात पुसले, त्याच्या दोन्ही गालांवर तळवे ठेवले आणि बराच वेळ बघितलं. "चालेल," ती म्हणाली. "येते मी शनिवारी." आणि शांतता-भिंतीतलं पलीकडे जायचं फाटक रात्रीपुरतं बंद व्हायच्या आत निघाली.

तिला सोडायला मॅलकी बाहेर पडला तशी समोरून मिसेस गॉर्मली कुत्र्याला घेऊन आली. डिम्प्ना दाराआड जीव मुठीत धरून उभी. या बाईच्या फ्रिजवर तो रोज असतो.

"अगबाई, मॅलकी!" मिसेस गॉर्मली म्हणाली. "हनुवटी होय रे तुला? गळ्याला मफलर गुंडाळ, सर्दी होईल." आणि गेली.

मॅलकी जागीच उभा राहिला. "एवढंच?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात किंचित अपमान होता.

त्या आठवड्यात गल्लीत दुसरा विषय नव्हता. फ्राने चौकोन आखले, कान काढले आणि तक्रारी सुरू झाल्या. बेकरीवाला आला, फादर आले, मिसेस गॉर्मली दिवसातून तीनदा. "डिम्प्ना पोरी, हा कोण?" ती म्हणाली. "ओवेनला मी लहानपणापासून बघितलंय. काही झालं तरी हा ओवेन नाही." डिम्प्नाने तिला आत बोलावून गरम चहा दिला आणि पुढे काही बोलली नाही. समितीची दोन माणसं येऊन डर्मटशी तावातावाने बोलली. डर्मटने त्यांना काय सांगितलं ते कळलं नाही, पण ती परत आली नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी डिम्प्ना कचरा टाकायला बाहेर गेली तेव्हा डर्मट समोरच्या फुटपाथवर एकटा उभा होता, मान वर, हात तोंडाशी धरून परांचीकडे ओरडत: "डावा कान अजून बाहेर! अजून! शाळेत मी त्याला त्याच कानाने ओढत न्यायचो, मला माहितीय!"

शनिवारी सकाळी मॅलकी नवा सूट घालून भिंतीपाशी गाडीची वाट बघत उभा होता. करवला डर्मट. त्याने डब्यातून पांढरं फूल काढलं आणि ते खोचण्याआधी भावाच्या चेहऱ्याकडे नीट, वेळ घेऊन बघितलं. मग खोचलं.

तेवढ्यात काळी टॅक्सी येऊन थांबली. आतून परदेशी नवराबायको उतरले. बाईच्या हातात जुनं पोस्टकार्ड. तिने कार्डाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, परत कार्डाकडे.

"बदललंय हो," टॅक्सीवाला वैतागून म्हणाला. "खरं चित्र आधीचंच. हा कोण काढलाय देव जाणे. पण घ्या, फोटो घ्या." मग त्याला सुटातला माणूस दिसला, काजात फूल, चेहरा वाऱ्याने लाल झालेला, नेमका मध्ये उभा.

"अहो काका," तो हात हलवत म्हणाला, "जरा बाजूला व्हा ना. चित्रात येताय तुम्ही."

डिम्प्ना दारातून बघत होती. मॅलकीने एकदा वर बघितलं, भावाच्या त्या तुटक्या दाताकडे, मग गालावरून हात फिरवला.

"माफ करा हं," तो म्हणाला, आणि आनंदाने बाजूला झाला.